अक्कांची मंगळवारची पिशवी

अक्कांना जन्मापासून दिसत नव्हतं, पण त्यांना 'बिचारी' म्हणायची हिंमत उभ्या आयुष्यात कुणाची झाली नाही. एका मोठ्या कचेरीत त्यांनी पंचवीस वर्षं टेलिफोनचा बोर्ड सांभाळला. फोन आला की बोर्डावर कुठल्या खात्याची झडप पडली ते बोटांनी चाचपायचं, दोरीची पिन नेमक्या भोकात बसवायची आणि "जोडून देते" म्हणायचं. हे सगळं इतकं झटपट चालायचं की नव्याने आलेल्या साहेबाला आठवडाभर कळायचंच नाही, बोर्डावरच्या बाईंना दिसत नाही म्हणून. मग थेट नंबर फिरवायची सोय आली, बोर्ड भंगारात गेला आणि नोकरीची शेवटची चार वर्षं अक्कांनी पाकिटांवर शिक्के मारण्यात काढली. त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. एकदाच बहिणीला म्हणाल्या होत्या, "शिक्का मारला की मारला. तो उलट काही बोलत नाही गं."

बोलण्याची ही हौस पुढे दुकानात भागायची. अक्कांच्या घरासमोरचा रस्ता ओलांडला की मोठं सुपरमार्केट होतं. दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला अक्का पांढरी काठी टेकत तिथे हजर. दार सरकल्याचा आवाज आला की उजवीकडून साबणाचा वास, डावीकडून ताज्या पावाचा, आणि मधून मामांचा आवाज, "आलात? या."

मामा म्हणजे गल्ल्याशेजारी उभे राहून गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून देणारे गृहस्थ. सगळं दुकान त्यांना मामा म्हणायचं म्हणून अक्काही म्हणायच्या. पुढे कधीतरी वयाचा विषय निघाला, तेव्हा कळलं की मामा त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान.

"म्हणजे मी तुम्हाला मामा म्हणते ते उगाचच!" अक्का म्हणाल्या.

"आता राहू द्या," मामा म्हणाले. "एवढ्या वर्षांनी नातं बदलायला कुठे जाता."

मामांची आधीची नोकरी स्टेशनवर मालाच्या डब्यात पार्सलं रचायची. काचसामान कुठे, लोखंड कुठे, गाडीला हिसका बसला तर काय सरकेल, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. पाठ गेली तेव्हा ती नोकरी सुटली, पण रचायची खोड काही सुटली नाही. अक्कांच्या पिशव्या ते दोन भरायचे. उजव्या हातातल्या पिशवीत जड सामान: तळाला तेलाचा डबा, त्याला टेकून बटाटे, वर साखर, मीठ. डाव्या पिशवीत हलकं: साबण कागदात गुंडाळून एका कडेला, म्हणजे पावाला वास लागायला नको, आणि सगळ्यात वर अंडी. साखरेचं आणि मिठाचं पुडकं हाताला सारखंच लागायचं, म्हणून मामा मिठाला न विसरता रबर लावायचे. घरी येऊन अक्का पिशवीत हात घालायच्या तेव्हा आता काय लागणार हे त्यांना आधीच ठाऊक असायचं, आणि तेच लागायचं.

गल्ल्यावर असायची 'तुरुतुरु'. हे नाव अक्कांनीच ठेवलेलं, बटणांवर पळणाऱ्या तिच्या बोटांच्या आवाजावरून. अक्कांची पाळी आली की ती हात जरा आवरता घ्यायची आणि प्रत्येक वस्तूचं नाव मोठ्याने सांगायची. "हा साबण. गेल्या वेळी लिंबाचा नेलात, आज गुलाबाचा दिसतोय. काय विशेष?" मागच्या रांगेतली माणसंही मग त्यात तोंड घालायची. कुणी म्हणायचं गुलाबाचा चांगला नाही, लवकर विरघळतो. कुणी अक्कांना विचारायचं, तुमच्या बहिणीचा गुडघा कसा आहे? अर्ध्या तासाचं काम तासभर चालायचं आणि त्याची घाई कुणालाच नसायची. पाव एकाऐवजी दोन घेतले की मामा ओळखायचे, "पाहुणे आहेत वाटतं." एकदा अक्का तापाने दोन मंगळवार आल्या नाहीत, तर मामांनी पिशव्या भरून इमारतीच्या रखवालदाराकडे देऊन ठेवल्या. यादी दिली नव्हती, तरी एक वस्तू राहिली नव्हती.

अशी बारा वर्षं गेली. मग एकदा दुरुस्तीसाठी म्हणून दुकान दहा दिवस बंद राहिलं.

उघडलं तेव्हा अक्का नेहमीसारख्या गेल्या आणि आत पाऊल टाकताच थबकल्या. साबणाचा वास डावीकडे गेला होता. मामांची हाक नव्हती. गल्ल्याच्या बाजूने एकाच बाईचा आवाज सहा ठिकाणांहून येत होता, थोडा मागेपुढे. "कृपया वस्तू पिशवीच्या जागेत ठेवा. कृपया वस्तू पिशवीच्या जागेत ठेवा." अक्कांनी क्षणभर कान देऊन ऐकलं. उच्चार स्वच्छ होते, दम बरोबर घेतलेला होता. बोर्डावर चालली असती, त्यांच्या मनात आलं.

दुकानातल्या घाईत असलेल्या एका मुलीने त्यांच्या यादीचं सामान गोळा करून दिलं आणि एका यंत्रापुढे आणून उभं केलं. "इथे स्वतःच करायचं असतं, आजी," एवढं सांगून ती गेली. अक्कांनी हात पुढे केला. बोटांना लागली ती गुळगुळीत काच. बटण नाही, खाच नाही, कड नाही. कुठे काय आहे हे चाचपायला त्यांनी बोटं फिरवली, तर यंत्र लगेच कामाला लागलं. "आपण बारा पिशव्या निवडल्या आहेत." अक्कांनी घाबरून हात बाजूला नेला. "आपण एकोणीस पिशव्या निवडल्या आहेत."

मागे रांगेत कुणीतरी सुस्कारा सोडला. मग एक गृहस्थ पुढे झाले. "थांबा, मी करून देतो." भला माणूस होता. भराभर सगळं दाखवलं, भराभर पिशवीत कोंबलं, अक्कांच्या हातात पिशवीचे बंद दिले आणि त्या आभार मानेपर्यंत निघूनही गेले.

त्याच संध्याकाळी बहीण आणि भाऊजी आले. अक्कांनी भाऊजींना चहा दिला. भाऊजी एरवी पहिल्या घोटाला 'वा' म्हणणारे. त्या दिवशी काही बोललेच नाहीत. कप मात्र संपवला. थोड्या वेळाने बहिणीने आपला कप तोंडाला लावला आणि ओरडली, "अगं, मीठ घातलंयस!"

"भाऊजी, तुम्ही प्यायलात कसा?" अक्कांनी विचारलं.

"मला वाटलं, काही औषधी असेल," भाऊजी म्हणाले. तिघंही पोट धरून हसली. पण पाहुणे गेल्यावर अक्का स्वयंपाकघरात दोन पुडकी दोन हातांत धरून बराच वेळ बसून राहिल्या.

पुढच्या मंगळवारी त्या थेट व्यवस्थापकांकडे गेल्या. तो माणूस तरुण आणि गोड बोलणारा होता. "अक्का, अगदी सोपं आहे. अडलं की पडद्यावरचं मदतीचं बटण दाबायचं."

"कुठे असतं ते?"

"हे काय, वरच्या कोपऱ्यात. मोठं, लाल."

"लाल," अक्का म्हणाल्या.

व्यवस्थापक ओशाळले. म्हणाले, "माझ्या लक्षातच आलं नाही हो."

"तुमची चूक नाही. मामा कुठे आहेत तेवढं सांगा."

तुरुतुरु नोकरी सोडून लेकीकडे राहायला गेली होती. मामांना मागच्या गोदामात रिकामी खोकी कापायला बसवलं होतं. व्यवस्थापकांनी निरोप पाठवला. मामा आले ते पायाच्या आवाजावरून अक्कांना कळलं, पण हाकेत जोर नव्हता. "आलात?" एवढंच म्हणाले. यादीतलं सामान मात्र पूर्वीसारखं पाहूनपारखून ढकलगाडीत घालून आणलं. यंत्रापाशी आले तसे ते दोन हात लांबच थांबले.

"अक्का, मी या बयेला कधी हात लावला नाही. मला भीती वाटते."

"कशाची?"

"काही चुकलं की ती साऱ्या दुकानात बोंब मारते."

अक्कांना हसू आलं. "मामा, तुम्हाला दिसतं आणि मला ऐकायला येतं. दोघांत मिळून एक माणूस होतोच की. काय लिहिलंय ते वाचून दाखवा. आणि ती बोलत असताना मध्ये काही करू नका, आधी तिचं पुरं होऊ द्या."

मामांनी अडखळत वाचायला सुरुवात केली. साबण गेला, पाव गेला, तेलाचा डबा गेला. तेवढ्यात मामांच्या ध्यानात आलं की साबण पावाला चिकटून आहे आणि तेल दोन्हींच्या वर. त्यांच्याने ते बघवेना. त्यांनी पाव उचलला. "वस्तू परत जागेवर ठेवा!" बाई कडाडली. मामांनी दचकून पाव ठेवला आणि साबण उचलला. "वस्तू परत जागेवर ठेवा!" ठेवायच्या जागेखाली वजनकाटा होता, काहीही हललं तरी त्याला कळायचं. मामा इरेला पेटले. "अगं बाई, अंडी फुटतील माझी!" आजूबाजूची माणसं बघायला लागली. अक्का यंत्राला टेकून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग म्हणाल्या, "मामा, तिला बदलता येणार नाही. आपण आधीच रचून घेऊ. पिशवीत जे तळाला जायचं ते गाडीत सगळ्यात पुढे, हाताजवळ ठेवा. म्हणजे तेच पहिलं हातात येईल."

मामांनी गाडीकडे पाहिलं. "म्हणजे गाडी उलटी भरायची."

"स्टेशनावर भरत नव्हता?"

"भरायचो की! जे पहिल्या गावाला उतरवायचं ते शेवटी चढवायचं." मामांचा आवाज एकदम पूर्वीचा झाला. बाईच्या ओरडण्याकडे दुर्लक्ष करून त्यांनी सगळं परत गाडीत घेतलं, नव्याने रचलं, मिठाच्या पुडक्याला रबर लावलं आणि यंत्रापुढे एकेक वस्तू धरली. या वेळी बाई एकदाही कडाडली नाही.

व्यवस्थापक लांबून पाहत असावेत. त्या दिवसापासून दर मंगळवारी दहा वाजता मामांना तासभर गोदामातून सुट्टी मिळू लागली. लवकरच आणखी दोघी-तिघी वयस्क बायका त्याच वेळी यायला लागल्या, आणि यंत्रापाशी गुलाबाचा साबण बरा की लिंबाचा यावर पुन्हा वाद रंगले. पूर्वीची मजा त्याला नव्हती, हे अक्का मान्य करायच्या. तुरुतुरुची बोटं त्यांना ऐकू यायचीच मनात. पण मंगळवार मंगळवारासारखा झाला होता.

दीड वर्षाने मामा निवृत्त झाले. मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला जाणार होते. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी अक्कांच्या दारावर टकटक झाली. मामा पहिल्यांदाच जिना चढून आले होते आणि धापा टाकत होते. बसा म्हटलं तरी बसेनात.

"एक मागू का?" ते म्हणाले. "एवढी वर्षं सामान भरून दिलं. ते घरी कुठे जातं ते एकदा बघायचंय."

अक्कांनी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि कपाटाची दारं उघडली. मामांनी वाकून एकेक फळी पाहिली. डबे खालून वर, जडापासून हलक्यापर्यंत ओळीने लावलेले होते, मधे बोटभर अंतर सोडून.

"वरच्या फळीला हात पुरतो का?" त्यांनी विचारलं.

"आता टाचा उचलाव्या लागतात."

मामांनी वरचे दोन डबे खाली घेतले, खालची भांडी सरकवून त्यांना जागा केली. मग अक्कांचा हात धरून त्या नव्या जागेवर नेऊन टेकवला. "इथे," ते म्हणाले. अक्कांनी दोन्ही झाकणं चाचपली.

"हं," त्या म्हणाल्या. "लागलं हाताला."