वाढदिवसाचं डांबर

माझी वहिनी रोलर चालवते. रस्त्यावरचा, पिवळा, अवजड, मुंगीच्या पावलांनी पुढे-मागे करणारा. नव्याने ओळख झालेली माणसं हे ऐकून आधी माझ्याकडे बघतात, मग तिच्याकडे, आणि हमखास विचारतात, "म्हणजे, स्वतः?" त्यावर वहिनी म्हणते, "छे, मी नुसती वर बसते. तो आपला आपणच जातो." गल्लीत तिला सगळे रोलरबाई म्हणतात आणि तिला ते मनापासून आवडतं.

लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा रस्त्याच्या कामावर झेंडा दाखवायची. या बाजूच्या गाड्या थांबव, त्या बाजूच्या सोड. एकदा रोलरचा ड्रायव्हर ऐन वेळी आलाच नाही, टाकलेलं डांबर गार व्हायला लागलं आणि मुकादम कपाळाला हात लावून बसला. वहिनीने झेंडा कमरेला खोचला आणि वर चढली. ड्रायव्हर जेवायला गेला की ती गुपचूप शिकत होती, हे तोवर कोणाला ठाऊकच नव्हतं. नंतर मुकादमाने तिला खाली उतरवायचा प्रयत्न करून पाहिला. "बायकांचं काम नाही हे," म्हणाला. "मग तुम्ही चालवा," ही म्हणाली. त्याला कुठे येत होतं! तेव्हापासून ती वरच आहे.

घरात आमची आई, रात्रपाळी करून दिवसभर झोपणारा माझा दादा, शिवणकाम करणारी मी, आणि वहिनीची लेक. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसली तर ताप आलाय का ते बघावं लागतं.

यंदा नेमका भिंगरीच्या शाळेसमोरचा रस्ता डांबरीकरणाला निघाला. वर्गाच्या खिडकीतून तिला आई रोलरवर बसलेली दिसली. तिने आनंदाने हात केला, वहिनीने भोंगा वाजवला, बाईंनी खिडकी लावून घेतली आणि मधल्या सुट्टीपर्यंत भिंगरीचं नाव 'डांबर' पडलं. नाव पाडणारी वर्गाची मॉनिटर, दोन वेण्यांची, तोंडाने फटकळ. बाकीच्यांना काय, आयतं मिळालं. डांबर, लांब बस. डांबर, चिकटू नकोस.

घरी भिंगरीने चकार शब्द काढला नाही. फक्त एक दिवस आईला म्हणाली, "मला न्यायला येतेस ना, तेव्हा फाटकाशी येऊ नकोस. कोपऱ्यावर थांब. आणि ते नारिंगी जाकीट काढून ये." वहिनीने कारण विचारलं नाही. कामावरून निघताना जाकिटाची घडी घालून पिशवीत टाकायची आणि कोपऱ्यावर उभी राहायची. मुकादमाला न जुमानणारी बाई, स्वतःच्या पोरीसाठी चोरासारखी कोपऱ्यावर! मी तिकडून जाताना पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. भिंगरीला शिलाई मशीनपाशी बसवून सगळं काढून घेतलं आणि वहिनीला सांगून टाकलं.

ती हात धूत होती. डांबराचे डाग आधी तेलाने सोडवायचे, मग साबण. दोन्ही हात नीट पुसून ती म्हणाली, "रविवारी वाढदिवस आहे ना तिचा? बोलवा वर्गातल्या सगळ्या पोरींना. काळा केक करते. रस्त्याचा."

भिंगरीने घर डोक्यावर घेतलं. तिला वाढदिवसच नको होता. आमची आई करवादली, "लेकराच्या वाढदिवसाला काळा केक? मेलंय का कोणी?" तेवढ्यात दादा अर्धवट झोपेत दारात आला, "कोण मेलं?" म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता परत जाऊन झोपला.

मलाही ते पटलं नव्हतं. "वहिनी, हट्ट तुझा आणि वाढदिवस तिचा. सगळ्यांसमोर रडायला लागली तर?"

"वन्सं," ती म्हणाली. एरवी ती मला नावाने हाक मारते; हट्टाला पेटली की मी वन्सं होते आणि अहो-जाहो सुरू होतं. "माझ्या लेकीला डांबर म्हणतात ना? मग डांबरच खायला घालते त्यांना. आणि परत मागायला लावते. नाही मागितलं कोणी, तर शाळा संपेपर्यंत कोपऱ्यावर उभी राहीन. बोलायची नाही."

आता आली पंचाईत. वहिनीने जन्मात केक केला नव्हता असं नाही, पण काळा कधीच नाही. तिने बटर आणि पिठीसाखर फेटून पांढरंशुभ्र आयसिंग केलं आणि त्यात काळ्या रंगाचे थेंब टाकले. झालं राखाडी. आणखी टाकले, आणखी राखाडी. शेवटी वैतागून बाटलीच उपडी केली. काळं झालं खरं, पण मी चमचा तोंडात घातला आणि थेट मोरी गाठली. कडूजहर, वर औषधाचा वास. आईने "एवढं काय नाटक" म्हणत बोटभर चाटलं आणि तिचे दात असे रंगले की दुसऱ्या दिवशीची दातांच्या डॉक्टरची वेळ तिने रद्द केली.

मग आम्ही दोघी केकच्या दुकानात विचारायला गेलो. दुकानवाल्या बाई गोड हसल्या. "काळं आयसिंग बघायला असतं हो, खायला नसतं. लोक खरवडून ताटलीच्या कडेला लावतात. गुलाबी न्या, वर फुलं काढून देते."

"कडेला मी खडी टाकते," वहिनी म्हणाली, "आयसिंग नाही." आणि पायऱ्या उतरली.

घराच्या दाराशी थांबून ती म्हणाली, "माझंच चुकलं. खालचा थर न घालता वरचा ओतला. डांबर काय नुसत्या मातीवर ओततात?"

दुसऱ्या खेपेला आधी खालचा थर. मिळेल ती सगळ्यात गडद कोको पावडर तिने आणली आणि खडी चाळावी तशी मन लावून चाळली. थोड्या कडकडीत पाण्यात कोको आणि चमचाभर कॉफी कालवून दाट लेप केला, पूर्ण गार होऊ दिला. बटर हलकं होईपर्यंत फेटलं, त्यात पिठीसाखर, मग तो लेप, मग चिमूटभर मीठ. मी चाटून पाहिलं आणि चमचा परत पातेल्यात घातला, इतकं सुरेख लागत होतं. पण दिसत होतं चॉकलेटी. तिने काळ्या रंगाचे अगदी मोजके थेंब टाकले. गडद झालं, तरी काळं नाहीच. मी बाटलीकडे हात नेला तर तिने फटका मारला.

"झाकून ठेवा, वन्सं. आत्ताच केलेल्या रस्त्यावर गाडी सोडतात का?"

सकाळी झाकण काढलं तर रंग रात्रीतून चढला होता. तव्याच्या बुडासारखं काळं कुळकुळीत. दोन दिवस वहिनीशी न बोललेली भिंगरी आली, पातेल्यात एक बोट घातलं, चाटलं आणि आईकडे न बघता निघून गेली. थोड्या वेळाने पाहिलं तर पातेल्यात दुसऱ्या बोटाची खूण होती.

रविवारी खोली पोरींनी भरली. भिंगरी दाराआड उभी, ओढूनही बाहेर येईना. आणि वहिनी केक घेऊन आली ती नारिंगी जाकीट घालून. सुट्टीच्या दिवशी, नाकावर टिच्चून! केक लांबोळा, गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने सपाट केलेला, मध्ये पांढरे पट्टे, कडेला बिस्किटांच्या चुऱ्याची खडी, वर बिस्किटांचाच रोलर.

"ई, डांबर!" मॉनिटर म्हणाली. एक-दोघी फिसकन हसल्या.

"डांबरच आहे," वहिनी म्हणाली. "ताजं. ज्यांना भीती वाटते त्यांनी सरबत प्या."

भिंगरी काही पुढे येईना. शेवटी वहिनीनेच केक कापला आणि ताटल्या वाटल्या. मॉनिटरने चमच्याने वरचं आयसिंग खरवडलं आणि ताटलीच्या कडेला लावलं. अगदी त्या दुकानवाल्या बाईंनी सांगितलं तस्सं. मला वाटलं, संपलं. वहिनीनेही ते पाहिलं. सुरी धरलेला तिचा हात तसाच राहिला, आणि वहिनीला घाबरलेलं मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

मॉनिटरने आत मऊ केक आहे म्हणून तो खाल्ला. मग चमचा चाटला. थांबली. कडेचं थोडं उचललं. मग सगळं उचललं. मग ताटली बोटाने पुसली, आणि इकडेतिकडे बघत दाराआडच्या भिंगरीसमोर ताटली धरली.

"अजून डांबर आहे?"

भिंगरी बाहेर आली. तिने एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा मॉनिटरच्या काळ्या ओठांकडे.

"मला काय विचारतेस?" ती मोठ्याने म्हणाली. "डांबर माझ्या आईचं आहे. तिला विचार."

मॉनिटरने मान वर केली. "काकू, अजून द्या ना."

वहिनीने कोपऱ्यातला मोठा तुकडा दिला. मग सगळ्याच उठल्या, ताटल्या घेऊन, आणि आईला आणि मला चव बघायलाही उरलं नाही. दादा उठला तेव्हा थाळीत फक्त खडी होती. त्याने ती खाल्ली.

संध्याकाळी वहिनी ताटल्या धूत होती, भिंगरी पुसत होती.

"उद्या कोपऱ्यावर थांबू नकोस," भिंगरी म्हणाली.

"मग?"

"फाटकाशी ये."

"आणि जाकीट?"

"घालून ये. नाहीतर त्या तुला ओळखणार कशा?"

धुतलेलीच ताटली वहिनीने परत धुवायला घेतली.