अध्यक्षांचं प्रवासवर्णन

ताईंनी वाचनालयाचा कारभार हाती घेतला, तेव्हा त्यांचा सगळा अनुभव चपलांच्या दुकानातला. पदवीवाला कोणी त्या पगारावर फिरकेना, म्हणून समितीने त्यांना बसवलं. त्यांनी दुकानाच्या सवयीने कपाटं लावली. खपतं ते दारापाशी, पडून राहतं ते मागे. गिऱ्हाइकं, म्हणजे सभासद, वाढले. ताईंनी स्वतः मात्र एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचली नव्हती. नवऱ्याने डिवचलं की म्हणायच्या, "दुकानातले सगळे जोड मी घालून बघत होते का?"

मग वरून फर्मान आलं. ग्रंथालयशास्त्राची पदवी नसलेल्या व्यवस्थापकांनी प्रमाणपत्र मिळवावं, नाहीतर खुर्ची सोडावी. ताईंनी आधी तोंडाचा पट्टा सोडला, मग नाव नोंदवलं. वर्गात त्या झोपल्या नाहीत, कारण शिकवणाऱ्या बाई अधूनमधून प्रश्न विचारायच्या. शेवटी प्रत्येकाने आपल्या वाचनालयात एक काम करून दाखवायचं होतं. ताईंच्या वाट्याला छाटणी आली. वर्षानुवर्षं कोणी न नेलेली पुस्तकं बाहेर काढायची.

सगळ्यात मोठा ढीग निघाला समितीच्या अध्यक्षांच्या प्रवासवर्णनाचा. स्वखर्चाने छापलेलं, फळी भरून प्रती. आणि केलेल्या कामावर सही लागणार ती अध्यक्षांचीच.

"एवढी फळी सोड की," नवरा म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतेय. रोज. तिच्यामागे उंदीर झालेत."

अध्यक्ष आले आणि ढीग बघून लालेलाल झाले. "माझं पुस्तक रद्दीत?"

"साहेब, कोणी नेलं असतं तर ठेवलं असतं. तुम्हीच न्या की एक."

"अहो, मी लिहिलंय ते."

"मग निदान ओळखीचं तरी वाटेल."

त्यांनी एक प्रत काखोटीला मारली आणि तरातरा निघून गेले. घरी ताई नवऱ्याला म्हणाल्या, "चपलांच्या दुकानात जागा आहे का, विचारून ये."

आठवड्याने अध्यक्ष परत आले. प्रत टेबलावर ठेवून चष्मा पुसू लागले.

"बोटीचं प्रकरण फार लांबलंय," ते म्हणाले. "मलाच डुलकी लागली."

हसू दाबताना ताईंना ठसका लागला.

"एक प्रत ठेवा. बाकीच्या न्या कुठे न्यायच्या त्या," म्हणत त्यांनी सही ठोकली.

प्रमाणपत्र आलं, त्यावर ताईंचं आडनाव चुकलेलं. त्यांनी ते तसंच भिंतीवर लावलं. रिकाम्या फळीवर स्वयंपाकाची पुस्तकं आली, आणि पहिल्याच दिवशी कोणी आधी न्यायचं यावरून दोन जावांची जुंपली.