डीलियाच्या बाटल्या

डीलिया लव्हेलने आयुष्यात काहीही फेकलं नाही. मेणबत्त्यांचे बुडखे, पार्सलांचे दोरे, मेलेल्या माणसांचे चष्मे, सगळं तिच्या घरी डब्यांत नीट लावलेलं असे. चर्चच्या नन सिस्टरांच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. पेन्सिल बोटांत मावेनाशी झाल्याशिवाय तिथे नवी मिळत नसे. लग्नानंतर माझी ती सवय सुटली. डीलियाने लग्न केलं नाही. ती बार्टलीबरोबर, तिच्या मोठ्या भावाबरोबर राहिली, चाळीस वर्षं चर्चची कापडं धुऊन, खळ घालून इस्त्री करत राहिली, आणि सवय तशीच टिकली.

तिच्या बाटल्यांबद्दल आधी सांगायला हवं. आमच्या गावाच्या खाली, समुद्राला लागून, डोळ्यांची विहीर आहे. पंधरा ऑगस्टला, मारियामातेच्या सणाला, तिच्याभोवती अनवाणी सात फेऱ्या घालायच्या, दर फेरीला एक खडा ठेवायचा आणि मग पाणी डोळ्यांना लावायचं. ज्यांना तो उतार झेपत नाही त्यांना डीलिया घरपोच पाणी देई. त्यासाठी डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या ती गावभरातून गोळा करायची, कारण त्यांतून थेंब नेमका पडतो. लेबलं गरम पाण्यात भिजवून काढायची.

"औषधाच्या दुकानाचं नाव पवित्र पाण्यावर शोभेल का गं, सबीना?" ती मला म्हणायची.

झाकणं एका पातेल्यात उकळायची आणि हाताला येईल ते झाकण बाटलीला लावायची. लाल, पांढरं, हिरवं. लाल झाकण म्हणजे डोळ्याची बाहुली रुंद करणारं औषध, अशी खूण असते, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. मला आता माहीत आहे.

१९९४च्या फेब्रुवारीत तिचा उजवा डोळा आतून सुजला. डॉक्टरांनी थेंब दिले. डोळा बरा होईपर्यंत बाहुली रुंद ठेवायचं ते औषध होतं. दोन आठवडे तिचा एक डोळा निळा आणि एक जवळजवळ काळा दिसत होता.

"जत्रेतली मांजर आणलीय घरात," बार्टली म्हणायचा. "दूध घालू का गं?"

"तू आपले मासे बघ, एकडोळ्या," ती म्हणायची.

तो खरंच एकडोळ्या होता. एकोणिसाव्या वर्षी गळ लागून त्याचा डावा डोळा गेला होता. उजव्या डोळ्यावर त्याने पन्नास वर्षं होडी चालवली, लॉब्स्टरचे पिंजरे ओढले. डीलियाचा डोळा बरा झाला तेव्हा बाटलीत निम्मं औषध उरलं होतं. उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्या, असं तिला सांगितलेलं होतं. तिने टाकलं नाही. बाकीच्यांबरोबर त्या बाटलीचंही लेबल काढलं, औषध नंतर ओतून देऊ म्हणून ती खिडकीत, विहिरीच्या पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेत ठेवली, आणि विसरली.

जूनमध्ये बार्टलीला चष्म्यासाठी मी गाडीने शहरात नेलं. डोळे तपासणारी मिस डेव्हिट, तरुण मुलगी. तिने बाजूने प्रकाश टाकून त्याचा डोळा पाहिला. लाल झाकणाची बाटली हातात घेतली होती ती परत ठेवली.

"हे मी तुमच्या डोळ्यात घालणार नाही," ती म्हणाली. "डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि कडेच्या फटीतून निघून जातं. तुमची फट फार अरुंद आहे. बाहुली रुंद झाली तर ती मिटू शकेल."

"आणि मिटली तर?"

"डोळा दगडासारखा कडक होईल. दुखेल, उलट्या होतील, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतील. तसं झालं तर सकाळची वाट बघायची नाही. काही तासांत नजर जाऊ शकते."

लेसरने बारीक छिद्र पाडलं की धोका बराच टळतो, असं सांगून तिने मोठ्या हॉस्पिटलला तातडीची चिठ्ठी लिहिली. एक कार्डही दिलं, कुठल्याही डॉक्टरला आधी दाखवायचं. बार्टलीने ते तंबाखूच्या डबीत घातलं.

"एकच उरलाय, पोरी," तो तिला म्हणाला. "त्याच्यात कुणाला बोट घालू देणार नाही मी."

हॉस्पिटलची तारीख सप्टेंबरची मिळाली. त्याने कार्ड डीलियाला दाखवलं नाही; उगाच नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना सुरू करील म्हणाला. मीही तिला सांगितलं नाही. मिस डेव्हिटचं बोलणं मी माझ्या रोजनिशीत त्या दिवशीच्या पानावर लिहून ठेवलं आणि वही मिटली.

पंधरा ऑगस्टला सकाळी आठ वाजता मी त्यांच्याकडे गेले. फेऱ्यांपूर्वी उपास असतो, त्यामुळे चूल थंड होती. एकच डोळा म्हणून बार्टलीला ती फेऱ्यांआधीही पाणी घाली; तो खुर्चीत मान मागे टाकून बसला होता. डीलियाने खिडकीतली एक बाटली उचलली, क्रॉस केला आणि दोन थेंब घातले. एक गालावर ओघळला. तो तिने बोटाने पुसला, आणि त्याच बोटाने स्वतःचा उजवा डोळा चोळला. पवित्र पाणी वाया कसं घालवायचं?

बार्टलीने तोंड वाकडं केलं. "यंदाचं पाणी कडू आहे गं. घशात उतरलं."

"पाप कडू लागतं," डीलिया म्हणाली. "चल, बूट काढ."

आम्ही फेऱ्या घातल्या. चौथ्या फेरीला त्याचा पाय दगडावर अडखळला. ऊन डोळ्यांत जातंय म्हणाला, टोपी खाली ओढली. दुपारी घरी आल्यावर, फरक पडावा म्हणून, डीलियाने आणखी दोन थेंब घातले.

पाच वाजता ती माझ्या दारात आली. "बार्टलीला दुपारचा खेकडा बाधला वाटतं. तीनपासून उलट्या करतोय. कपाळ धरून बसलाय."

मी तिच्याबरोबर गेले. तो अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. येशूच्या तसबिरीपुढे छोटा लाल दिवा जळत होता.

"सबीना, तो दिवा विझव," तो म्हणाला. "त्याच्याभोवती इंद्रधनुष्य फिरतंय."

मी घरी जाऊन जूनची वही उघडली. पान सापडायला मिनिट लागलं नाही. तीनपासून पाच, म्हणजे दोन तास गेले होते, आणि हॉस्पिटल अडीच तासांवर.

 गाडीत बार्टली मागे बादली धरून होता. डीलिया माझ्या शेजारी माळ जपत होती. एकदा म्हणाली, "पाट्या वाचता येईनात मला. रडून रडून डोळे धूसर झालेत." मी रस्त्यावरून नजर हलवली नाही.

हॉस्पिटलमध्ये मी तंबाखूच्या डबीतलं कार्ड काढून दिलं. डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि डीलियाला कॉरिडॉरमध्ये विचारलं, "बाहुली रुंद करणारं काही घातलं होतं का?"

"नाही हो डॉक्टर. फक्त विहिरीचं पाणी."

"नक्की?"

"मी स्वतः घातलं."

ती खोटं बोलत नव्हती. डॉक्टर वळले. मी तिच्याकडे पाहिलं. वरच्या पांढऱ्या दिव्यात तिचा डावा डोळा निळा होता आणि उजवा काळा.

"डॉक्टर, थांबा," मी म्हणाले. "हिचा डोळा बघा."

त्यांनी पाहिलं. बाटलीचं विचारलं. "माझ्या औषधाची बाटली खिडकीतच होती, लेबल मीच काढलं होतं," डीलिया म्हणाली. ते औषध लवकर उतरत नाही, कित्येक दिवस टिकतं, त्यामुळे नेहमीच्या थेंबांवर विसंबून चालणार नाही, असं म्हणत ते आत पळाले.

दाब उतरायला दोन दिवस लागले. छिद्रही पाडलं. डोळा राहिला, पण बार्टलीला आता नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. होडी त्याने विकली. "त्याला मी सांगते," डीलिया मला तेव्हा म्हणाली होती. हिवाळा गेला, वसंत गेला, तिने सांगितलं नाही. बार्टली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, विहिरीच्या पाण्याने एवढी तरी नजर राखली. डीलिया तेव्हा उठून चहा ठेवायची. खिडकी मोकळी होती. जाणवण्याइतकी मोकळी.

यंदाच्या पंधरा ऑगस्टला मी गेले तेव्हा तो त्याच खुर्चीत मान मागे टाकून बसला होता. डीलियाच्या हातात हॉस्पिटलची बाटली होती. लेबल शाबूत, उघडल्याची तारीख वर तिच्या अक्षरात. तिने हात साबणाने धुतले होते.

"आज विहिरीचं घाल," तो म्हणाला.

"नाही."

"का?"

तिने उघडलेलं झाकण परत लावलं. मग म्हणाली, "बार्टली, गेल्या वर्षी ते विहिरीचं पाणी नव्हतं. माझं औषध होतं. मी घातलं."

त्याने मान उचलली नाही. डोळा छताकडेच होता.

"विहिरीचं पाणी मी सत्तर वर्षं पितोय, डीलिया," तो म्हणाला. "ते कडू नसतं. तू कधी सांगतेस याची मी वाट बघत होतो."

मी दाराशीच थांबले. 

"घाल ते औषध," तो म्हणाला. "आणि डोळ्याचा कोपरा दाबून धर, घशात उतरू नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय तसा. कडू लागलं तर सांगेन."