तीनशे ग्रेन

कुठलीही वस्तू हातात आली की आजोबा आधी ती तळहातावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि हात हळूच दोनदा खालीवर करायचे. शिऱ्याची वाटी असो, नाहीतर टपालानं आलेलं पाकीट. मग डोळे उघडून म्हणायचे, "आधी वजन, मग नेम." शिऱ्यावर नेम कसला धरायचा, हे विचारायची माझी हिंमत कधी झाली नाही.

तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेल, ज्याच्या सवयीला सगळे हसतात आणि ती कुठून आली हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

हर्सूलमध्ये आमच्या घरासमोर हे आजोबा एकटेच राहायचे. ऐंशी ओलांडलेले, कान जवळजवळ गेलेले, पाठ मात्र ताठ. शिकारीवर बंदी येण्याआधी, तरुणपणी, त्यांनी पिशोरकडच्या डोंगरात पुष्कळ शिकार केली होती. घरची शेती होती, रायफल होती. पुढे एका निवडणुकीच्या वेळी नियमाप्रमाणे ती रायफल पोलीस ठाण्यात जमा केली आणि परत आणायला ते गेलेच नाहीत. गल्लीतली मुलं त्यांना शिकारी आजोबा म्हणायची.

आईनं मला त्यांच्याकडे पाठवलं ते माझ्या इंग्रजीमुळे. गोळ्यांच्या वजनांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडे होतं आणि त्यातली बारीक अक्षरं त्यांना दिसेनाशी झाली होती. मी घरूनच काम करते. खरं सांगायचं तर लोकांशी कमी बोलावं लागतं, म्हणूनच ते काम धरलं. आजोबांकडे तर बोलायचंच नव्हतं. त्यांनी माझ्यापुढे एक पाटी ठेवली होती. मला जे सांगायचं ते मी त्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे.

त्यांना एक लहानसं पुस्तक लिहायचं होतं. कुठल्या जनावराला किती वजनाची गोळी, एवढाच विषय. ते सांगायचे, मी लॅपटॉपवर लिहायचे. "आता हे कोण वाचणार?" असं मी एकदा पाटीवर लिहिलं. पाटी वाचून ते म्हणाले, "वाचणारा एकच हाय. तू लिही."

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, हे मला तिथं कळलं. डब्यावर छापलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. सराफाचा असतो तसला एक नाजूक तराजू त्यांच्याकडे होता. एका पारड्यात शिशाची नुसती गोळी, दुसऱ्यात लाल गुंजा. तीनशे ग्रेन म्हणजे साधारण एकशे साठ गुंजा. मोजताना एखादी गुंज घरंगळली की पुन्हा पहिल्यापासून.

"हरणाला हलकी चालते," ते सांगायचे. "हलकी गोळी सरळ जाते, खांद्याला धक्का कमी, पोरांना लई आवडते. पण वाघाच्या खांद्याचं हाड असतं पोरी. हलकी तिथंच फुटते. जनावर मरत नाय, नुसतं चिडतं. जड गोळी हाड फोडून आत पोचते."

मग माणसांनाही तेच माप. विम्याचा एजंट गेटवर दिसला की म्हणायचे, "रानडुक्कर आलं. याला साधी गोळी लागत नाय." माझी आई म्हणजे अस्वल, कारण समोरून गप्प दिसते आणि जवळ गेलं की भारी पडते. हे मी आईला सांगितलं नाही. माझ्याबद्दल मात्र ते काही बोलत नसत. एकदाच म्हणाले, "तू ससा हायस. तुझ्यासाठी रायफल कशाला काढायची?" मला राग यायला हवा होता. आला नाही.

दसऱ्याला त्यांच्याकडे एकच माणूस यायचा. सुखदेव. वाळूजच्या एका कारखान्यात कामाला, साठीला टेकलेला. त्याचा बाप धोंडिबा हा आजोबांचा माग काढणारा होता आणि वाघाच्या शिकारीत गेला, तेव्हा सुखदेव दोन वर्षांचा होता. आपट्याची पानं देऊन तो वाकून पाया पडायचा. गेल्या दसऱ्याला मी तिथंच होते. सुखदेवनंच ती गोष्ट मला सांगितली, गल्लीनं अनेकदा ऐकलेली. मालकांनी वाघाला तीनशेची जड गोळी घातली होती, वाघ झुडपात जाऊन पडला होता, मालक थांब म्हणत असताना बाप घाईनं आत शिरला.

"आमच्या खानदानातच घाई लई, ताई," तो हसून म्हणाला. "माझी माय मरेपर्यंत बापाला शिव्या देत होती. म्हणायची, जरा दम धरला असता तर काय बिघडलं असतं?"

आजोबांना यातलं काही ऐकू आलं नसावं. पण ते सुखदेवच्या ओठांकडे बघत होते. आपट्याची पानं त्यांच्या तळहातावर होती आणि हात हलला नाही.

पुस्तकातलं वाघाचं प्रकरण आलं तेव्हा थंडी सुरू झाली होती. ते म्हणाले, "लिही. तीनशे ग्रेन." मी लिहिलं. मी पाटीवर "पुढे?" लिहिलं. ते "उद्या ये" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक कापडी पुरचुंडी होती. आत गोळीवरचं तांब्याचं एक फाटकं टरफल, फुलासारखं उलटं उमललेलं, आणि शिशाचे दोन तुकडे.

"तीनशे खोड," ते म्हणाले. "दोनशे पस्तीस लिही."

मी तीनशे खोडून दोनशे पस्तीस लिहिलं.

"नाल्याच्या पल्याडून मारायचा होता. लांबून. सगळ्यांनी बघावं म्हणून. धोंडिबा म्हणाला, मालक, जड गोळी घ्या. मी म्हणलं, तुला काय कळतं? वाघाची कातडी काढली तेव्हा खांद्यात हे सापडलं." त्यांनी टरफलाकडे बोट केलं. "अर्धा तास आम्ही थांबलो होतो. धोंडिबा दम धरूनच होता. मीच त्याला म्हणलं, वाघ मेला असंल, जा, बघून ये."

मी सगळं लिहिलं. पान संपलं तेव्हा ते म्हणाले, "सुखदेवला फोन कर. लगेच ये म्हणावं. हे फोनवर सांगायचं नाय, त्याच्या तोंडापुढं सांगायचंय."

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मला फोन करता येत नाही. म्हणजे करता येतो, पण अनोळखी घरात घंटी वाजतेय या कल्पनेनंच मी फोन खाली ठेवते. मी घरी येऊन मेसेज लिहिला. "आजोबांनी लगेच बोलावलं आहे." मग वाटलं, आपल्यापेक्षा दुपटीनं मोठ्या माणसाला हुकूम कसा सोडायचा? "लगेच" खोडलं. "सवडीनं या" असं लिहिलं.

"बोललीस?" आजोबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

मी पाटीवर लिहिलं, "हो. येतो म्हणाले." हे खोटं नव्हतं. सुखदेवचं उत्तर आलं होतं: पुढच्या सुट्टीला येतो.

त्या आठवड्यात आजोबा रोज दाढी करत होते. दुपारी गेटकडे तोंड करून खुर्ची टाकायचे. पुरचुंडी मांडीवर. गुरुवारी सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. मग आई आत गेली.

सुखदेव सुट्टीच्या दिवशी आला तेव्हा खुर्ची घडी करून भिंतीला लावलेली होती. मी छापलेलं पान आणि पुरचुंडी त्याच्या हातात दिली. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळीवर बोट ठेवून वाचलं. एका जागी बोट बराच वेळ थांबलं.

"म्हंजी बापानं घाई केली न्हवती," तो म्हणाला.

"नाही."

"माय गेली चार वर्षांखाली." त्यानं पान घडी करून खिशात ठेवलं. "तिनं ऐकायला पायजे होतं हे."

मला तेव्हाच सांगायचं होतं, आणि या वेळी पाटी नव्हती. मी म्हणाले, "त्यांनी तुम्हाला लगेच बोलावलं होतं. सवडीनं या, हे मी लिहिलं. माझ्या मनानं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो रागावेल असं वाटलं होतं, रागावला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं पुरचुंडी उघडली, तांब्याचं ते फाटकं टरफल उचलून तळहातावर ठेवलं आणि डोळे मिटले. हात दोनदा खालीवर केला.

"एवढीच होती व्हय गोळी?" तो म्हणाला.