न ओरडलेली सून

माझ्या सासूबाईंनी माझं बाळंतपण सगळ्या गावाला सांगितलं. पिठाच्या गिरणीवर सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, धुळ्याच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं. गोष्ट एवढीशीच होती. "वाघीन शे मनी धाकली. मी बाहेर बठेल व्हतू, एक आवाज उना नही."

आवाज आला नाही हे खरं होतं. मी कमरेत सुई घेतली होती. ते त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी तिच्यावर एक पत्रक काढलं असतं. जळगावात आमच्या घरी पलंगाखाली धान्य नसायचं, पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील चळवळीतले, आईही. शाळेतून आल्यावर माझं काम पत्रकांच्या घड्या घालायचं. "बंधू-भगिनींनो" हा मला वाचता आलेला पहिला मोठा शब्द. पुढे मी स्वतः लिहायला लागले आणि त्यातलं मला सर्वांत आवडलेलं पत्रक बाळंतपणावरचं होतं. कळा सोसणं ही बाईची परीक्षा नाही, असा त्याचा मथळा. दाढ काढताना भूल मागणाऱ्या पुरुषाला कुणी भित्रा म्हणत नाही, मग बाईनं मागितली की तिच्या आईपणावर शंका का, असं मी त्यात विचारलं होतं. बसस्थानकाबाहेर उभं राहून मी ते वाटलं. एका आजोबांनी माझ्यादेखत त्यात फुटाणे बांधून घेतले, तर मी त्यांच्याशीही भांडले होते.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. पुढे दिवस गेल्यावर मी काय निवडणार याबद्दल मला शंका नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जळगावातल्याच दवाखान्यात नाव घातलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सातव्या महिन्यात नीट समजावलं: कमरेत बारीक नळी बसवतात, तिच्यातून औषध सोडतात, कळ आली की पोट कडक झालेलं कळतं पण दुखत नाही, पाय जड होतात, क्वचित नंतर डोकं दुखतं. मी प्रश्न विचारले, नवऱ्यानं विचारले, आणि ठरवलं. नवरा फक्त एवढं म्हणाला, "अक्काला नको सांगूस. ती पाठीचं घेऊन बसेल. गावात ज्या बाईची कंबर दुखते तिला कधीतरी सुई दिलेली असते."

अक्का म्हणजे सासूबाई. घरातले सगळे त्यांना अक्काच म्हणतात. मी हो म्हणाले. पत्रकात मी सगळ्या सासवांना उद्देशून लिहिलं होतं. स्वतःच्या एका सासूला सांगायचं मात्र टाळलं.

अक्का गावाहून पोहोचल्या तेव्हा औषध चालू झालेलं होतं. त्या बाहेर बाकावर बसल्या, दुपार होईपर्यंत हलल्या नाहीत. मुलगी झाल्यावर आत आल्या. बाळाकडे नंतर पाहिलं, आधी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "एक आवाज उना नही," म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले.

तेव्हा सांगता आलं असतं. आई शेजारीच होती, तिनं माझ्याकडे पाहिलंही. पण त्या हाताखाली मला बरं वाटत होतं. शूर म्हणवून घ्यायला बरं वाटत होतं. ज्या परीक्षेला मी परीक्षाच मानत नव्हते, तिच्यात पहिला नंबर आल्यावर मी खूश झाले.

सव्वा महिन्यानंतर बाळ घेऊन गावी गेले तेव्हा गोष्ट माझ्याआधीच पोहोचलेली होती. बायका झबलं-टोपडं घेऊन यायच्या, बाळाला बघायच्या, मग मला बघायच्या. आणि गोष्ट संपली की अक्का मागच्या दाराकडे मान वळवून म्हणायच्या, "मोठीनी त बठ्ठा दवाखाना डोकावर लिधा व्हता." बायका हसायच्या. मागच्या दाराशी माझी मोठी जाऊ असायची, कपडे वाळत घालताना किंवा भांडी लावताना. तीही हसायची. तिला सातवा महिना चालू होता. तिचा पहिला मुलगा एरंडोलला तिच्या माहेरी झाला तेव्हा ती ओरडली होती, आणि मुलगा शाळेत जायला लागला तरी ते ओरडणं या घरात चालूच होतं. आता त्याच्याशेजारी माझं न ओरडणं ठेवलं गेलं.

दुसरं बाळंतपण सासरी, म्हणून तिचं नाव धुळ्याला घातलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या वेळी तिला विचारलं होतं, कळांसाठी सुई हवी असेल तर आधी सांगा, भूल देणाऱ्यांना बोलवावं लागतं. हे तिनंच मला एकदा भाकऱ्या करता करता सांगितलं.

"मग?"

"मग काय, नको म्हटलं. म्हटलं, माझी जाऊ काही न घेता बाळंत झाली, हूं की चूं केलं नाही. माझं काय मेलं सोनं लागून गेलंय?" तिनं भाकरी उलटली. "तुम्ही करत काय होता हो कळ आली की? मला शिकवा ना. या खेपेला मला तोंड उघडायचंच नाही."

आणि मी शिकवलं. हे लिहितानाही कान तापतात. मी तिला खरं सांगितलं नाही, मी तिला श्वास शिकवला. नाकानं घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, डोळे एका जागी ठेवायचे. एका पुस्तकात वाचलेलं होतं. स्वतः एकदाही कामी न आणलेलं ते मी तिला अधिकारानं सांगितलं, खांदे सैल सोडा म्हणून दुरुस्तही केलं. मला बोलायची सवयच तशी आहे.

ती मनापासून करायला लागली. वाकून केर काढताना थांबायची, चंबू करायची. मी मान डोलवायची.

एका दुपारी ती कुरडया तळत होती. मी बाळाला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले होते. तेल उडालं आणि तिच्या मनगटावर आलं. कुणीही ओरडलं असतं. तिनं झारा खाली ठेवला, डोळे खिडकीच्या गजावर नेले, ओठांचा चंबू केला आणि हळूहळू श्वास सोडला. मनगट लाल होत होतं. श्वास संपल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, जमलं का, असं.

"ताई, हात पाण्याखाली धरा."

"जमतंय ना पण?"

"हात धरा आधी." मी उठले, नळ सोडला, तिचा हात ओढून खाली धरला. बाळ रडायला लागलं. त्या रडण्यात मी म्हणाले, "मी सुई घेतली होती."

"कसली?"

"कमरेतली. डॉक्टरीणबाई तुम्हाला म्हणाल्या ती. म्हणून आवाज आला नाही."

ती हाताकडेच बघत राहिली. "आणि तो श्वास?"

"पुस्तकातला."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "हे विचारत होते, तुला दमा लागला का म्हणून." मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. "अक्कांना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, जळते. माझ्यासमोर सांगा."

अक्का ओट्यावर शेजारणीबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. जाऊ ओला हात पदरात धरून माझ्यामागे उभी राहिली. मी एका दमात सांगितलं. पत्रकातली वाक्यं मनात तयार होती, सुई घेणं हा अधिकार कसा आहे वगैरे. तीही दोनचार बोलून गेले. शेजारीण म्हणाली, "म्हंजे वाघीन सुईवर व्हती," आणि हसली. अक्का हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी पाठीचंही काही काढलं नाही.

"मंग माले कोनी सांगं का नही?" त्या म्हणाल्या. "आवाज येत नही, आवाज येत नही. मना जीव घाबरी गया व्हता. मी म्हने, पोर गयी का काय."

ही बाई दुपारपर्यंत त्या बाकावर मला मेलेली समजत बसली होती, आणि मी आत, काही दुखत नसताना, आईशी गप्पा मारत होते. तिनं माझं कौतुक केलं ते मी जिवंत सापडले म्हणून. मी ते शौर्याचं म्हणून घेतलं, आणि जावेच्या अंगावर पडू दिलं.

त्या दिवसानंतर गिरणीवर गोष्ट सांगणं बंद झालं. जाऊ माझ्याशी कामापुरतं बोलायची. पुढच्या तपासणीला तिनं डॉक्टरीणबाईंना सुई हवी असं सांगितलं. मला शेजारणीकडून कळलं.

पण दुसरं बाळंतपण ते, थांबलं नाही. धुळ्याला पोहोचलो तेव्हाच बरंच पुढे गेलेलं होतं. भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशनला उभे होते, आणि ते येईपर्यंत वेळ उरणार नाही असं सांगून तिला आत नेलं. बाकावर अक्का आणि मी. मुलीला मी घरी आईजवळ ठेवलं होतं, ती त्यासाठीच जळगावहून आली होती.

मग ती ओरडली. पहिल्या ओरडण्याला मी उठून उभी राहिले. ती सुई तिला आधीपासूनच, निवांत, माझ्यासारखे प्रश्न विचारून मागता यायला हवी होती. आधी मागितली असती तर आज मिळाली असती असं मी म्हणू शकत नाही. पण इतके दिवस ती नको म्हणत राहिली ती माझ्यामुळे.

"बस," अक्का म्हणाल्या.

एक नर्स दार उघडून बाहेर आली. "आजी, जरा समजवा तिला. इतकं ओरडू नका म्हणावं, बाकीचे पेशंट आहेत."

"वरडू दे तिले," अक्का म्हणाल्या. "आवाज येस तवर माले बरं वाटस."

नर्स आत गेली. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना ते मला लागावं असं वाटत नव्हतं, म्हणून ते अधिकच लागलं. आतून पुन्हा आवाज आला, दार बंद असूनही जिना उतरून खाली जाईल असा. मी मान खाली घालून तो पूर्ण ऐकला.

मुलगा झाला. आत सोडलं तेव्हा जावेचे केस घामानं कपाळाला चिकटले होते आणि आवाज बसला होता. मी पाणी पुढे केलं. तिनं घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी माझ्याशी आपणहून बोलली.

"तुमचा तो श्वास," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "कुणाला शिकवू नका."