कुंभारीच्या भामाक्का

“वाट सोडा की! दूद हाय!”

भामाक्कांच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. चैत्रातली सकाळ होती. अक्कलकोट रस्त्यावरच्या चढावर आमच्या रविवार सायकल मंडळाचे नऊ तरुण वीर समोरच्या वाऱ्याशी झुंजत सोलापूरकडे परतत होते. कुणी उभं राहून पायडल मारत होतं, कुणी उतरून चालायचा विचार करत होतं. मागून ही हाक आली म्हणून आम्ही कडेला झालो, आणि शेजारून एक काळी, दांडीची, मोठ्या माणसाची सायकल गेली. मागे दोन्ही बाजूंना दुधाने भरलेले कॅन, हँडलला लटकणारं माप, आणि सीटवर नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली चाळिशीची बाई. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चढ संपवून त्या पलीकडे दिसेनाशा झाल्या, तेव्हा आमच्यातला सर्वांत तयारीचा गडी नरसय्या एवढंच म्हणाला, “आपण घरी जाऊ या.”

दुष्काळ सरून चारेक वर्षं झाली होती. मी तेव्हा मोजणी कचेरीत कारकून होतो, लग्न व्हायचं होतं आणि रविवार रिकामा होता. मंडळात आम्ही चौदाजण. दोन शिक्षक, माझ्यासारखे कारकून, आणि एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल-चादरी विणणारे नरसय्यासारखे कामगार. अध्यक्ष होते नवी पेठेतले कापडाचे व्यापारी चनबसप्पा. त्यांना स्वतःला सायकल येत नसे, पण शिटी फार छान वाजवायचे. परदेशात लोक डोंगरातून सायकली पळवतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात चित्र पाहिलं आणि त्या उन्हाळ्यात आपणही तशी शर्यत घ्यायची, असं ठरवून टाकलं. आमच्याकडे डोंगर कुठला? माळ होता. मुरमाची टेकाडं होती, कोरडा पडलेला ओढा होता आणि उन्हाला तोटा नव्हता. चैत्रात नवी पेठेत सावकाश सायकलची स्पर्धा, एक मेला सजवलेल्या सायकलींची मिरवणूक आणि पाऊस लागायच्या आधीच्या रविवारी सोलापूर ते कुंभारी अशी माळावरून शर्यत, असा बेत जाहीर झाला. फक्त माळावरून सायकल कशी चालवायची, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही जकात नाक्यावर भामाक्कांची वाट अडवून उभे राहिलो. त्या कुंभारीच्या होत्या. गावापासून रस्त्याला लागेपर्यंतची त्यांची वाट अशीच माळाची आणि ओढ्याची. चनबसप्पा पुढे झाले. घाईत असले की त्यांच्या तोंडी कन्नड यायचं.

“बर्री, बर्री अक्का! या. आमच्या पोरांना जरा शिकवा.”

“मी काय शिकवू? मी दूद घालती.” त्यांनी एक पाय जमिनीला टेकवला आणि आमच्या सायकलींवरून नजर फिरवली. “लई झ्याक सायकली हायत की. मग चालत का जाता?”

त्यांना आम्ही चढावर दिसलो होतो तर!

दूध घालून झालं की नऊच्या सुमाराला त्या एमआयडीसीच्या पलीकडच्या माळावर यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या कॅरिअरला एकेक पाण्याचा डबा बांधायला लावला, काठोकाठ भरलेला, बिनझाकणाचा. टेकाडाला वळसा घालून यायचं आणि उरलेलं पाणी दाखवायचं. मी आलो तेव्हा डब्यात तळाला ओंजळभर पाणी होतं आणि बाकीचं माझ्या पाठीवर होतं.

“सायब, तुमचं गिऱ्हाईक आज कोरा च्या पिणार,” भामाक्का म्हणाल्या.

त्यांचं शिकवणं असं असायचं. रागावणं नाही की कौतुक नाही. खड्ड्यांना मी फार भ्यायचो आणि नेमका त्यातच पडायचो. त्यांनी दोनदा पाहिलं आणि म्हणाल्या, “तुमी खड्ड्याकडं बगताय, म्हून चाक खड्ड्यात जातंय. जितनं जायाचं तितं बगा.” वाळूत सायकल रुतली की आम्ही हँडल आवळून धरायचो. त्यावर त्यांचं म्हणणं, “म्हशीची धार काढल्यागत धरा. आवळलं की ती लाथ मारती.” नरसय्या तेलुगू विणकरांच्या घरातला, त्याने म्हशीची धार जन्मात काढली नव्हती, तर एका रविवारी भामाक्कांनी त्याला खरोखर कुंभारीला नेऊन म्हशीखाली बसवलं.

त्या दिवशी मीही गेलो होतो. त्यांच्या अंगणात लिंबाखाली बाजेवर त्यांचे यजमान नामदेवराव पडून होते. सहा वर्षांपूर्वी बैलगाडी उलटून त्यांच्या कमरेवर आली, तेव्हापासून ते उठून चालले नव्हते. तोवर दुधाचा रतीब तेच सायकलवरून घालत. अपघातानंतर महिनाभराने त्यांनी भिंतीला टेकवलेली सायकल अंगणात आणायला लावली आणि बाजेवरून ओरडून ओरडून बायकोला शिकवली.

“आट दिस पडत हुती,” ते म्हणाले. “नवव्या दिशी फाटकातनं भाईर गेली. मंग मला दिसलीच न्हाय. रोज जाती, रोज येती. रस्त्यावर कशी चालवती ते म्या कदी बगितलं न्हाय.”

भामाक्का गोठ्यातून म्हणाल्या, “काय बगायचं त्यात?”

नवी पेठेतल्या सावकाश सायकलच्या दिवशी एक गंमत झाली. पेठ माणसांनी फुलली होती, दुकानदार पायऱ्यांवर उभे होते आणि आम्ही सहाजण गोगलगायीसारखे पुढे सरकत होतो. तेवढ्यात भामाक्का रतिबाला निघालेल्या मागून आल्या. गल्लीत जायला वाट नाही. त्या उतरल्या नाहीत. पाय न टेकवता, दुधाचे कॅन घेऊन, आमच्यामागून आमच्याहून हळू येत राहिल्या. एकेकाचा पाय टेकला, एकेकजण बाद झाला आणि शेवटी सगळ्या पेठेच्या लक्षात आलं, की स्पर्धा कोण जिंकलंय. चनबसप्पांनी शिटी फुंकून फुंकून गाल लाल केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा भामाक्का गोंधळल्या. “वाट द्या की आता,” म्हणाल्या, “दूद तापायचं हाय लोकांचं.”

त्या दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून चनबसप्पांनी त्यांना विचारलं, की कुंभारीच्या शर्यतीत तुम्हीच का उतरत नाही? भामाक्कांनी रिकाम्या कॅनची झाकणं घट्ट बसवली. मग म्हणाल्या, “सा वर्सं झाली. क्यान काढून सायकल कदी चालवलीच न्हाय मी. रिकामी सायकल कशी पळती, ते बगायचं हाय एकदा.”

त्यांच्या तोंडून स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं. चनबसप्पांनी तिथल्या तिथे वहीत नाव लिहिलं.

ही बातमी कुंभारीला पोचली आणि त्यांचा दीर मारुती खवळला. शर्यतीचा शेवट कुंभारीच्या वेशीत होता. सगळ्या गावासमोर घरची सून पुरुषांच्या मागं सायकल पळवणार, हे त्याला पटेना. दूध घालायला जाते ते पोटासाठी, ते वेगळं. ही हौस झाली. भामाक्का नेत त्यातलं निम्मं दूध मारुतीच्या म्हशींचं होतं. शर्यतीत उतरलीस तर माझं दूध तुला मिळणार नाही, असं त्याने सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी भामाक्का माळावर आल्या, पण सायकलवरून उतरल्या नाहीत. “माझं नाव काडा,” एवढंच म्हणाल्या. निम्मं दूध गेलं तर घर कसं चालणार, हे आम्हालाही कळत होतं. मला फार अपराधी वाटलं. त्यांचं सुरळीत चाललेलं आयुष्य आम्ही हौशी मंडळींनी जाऊन ढवळलं होतं. मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि नामदेवरावांची माफी मागायला कुंभारीला गेलो.

नामदेवरावांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी मारुतीला हाक मारून बोलावून घेतलं. तो येऊन बाजेशेजारी उभा राहिला, खाली मान घालून.

“मारुती,” ते म्हणाले, “त्या दिशी मला वेशीपातुर न्यायचंय. बाज चौगांनी उचलाया लागती. तीन माणसं हायत. चौथा कोण?”

मारुतीने बाजेच्या सुटलेल्या दोरीचं टोक आत खोचलं.

“तिला पळताना बगायचंय मला,” नामदेवराव म्हणाले. “तुला दूद द्यायचं नसंल तर नगं देऊस. बाज तेवडी उचल.”

मारुती तसाच वळून गेला. भामाक्का चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली, पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, “धूर लई झाला.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “सायब, नाव काडलंय का?”

“नाही,” मी म्हणालो. खरं तर काढलं होतं. परत गेल्यावर आधी ते पुन्हा लिहायला लावलं.

शर्यतीच्या दिवशी तेवीस सायकली नाक्यावर उभ्या होत्या आणि त्यात एकच नऊवारी. चनबसप्पांची शिटी वाजली. सगळे निघाले आणि भामाक्का दहा पावलांवर धाडकन पडल्या. मागचं ओझं गेल्यावर सायकल त्यांच्या हातात राहीना. बघ्यांमध्ये हशा पिकला. मी थांबलो. त्यांचं कोपर फुटलं होतं, पण त्या हसत होत्या, अगदी लहान मुलीसारख्या.

“अगं बया! ही तर वासरागत उड्या मारती की!” आणि मला म्हणाल्या, “तुमी कशाला थांबलाय? पळा!”

पहिले तीन मैल त्या सर्वांच्या मागे होत्या. मी वळून पाहायचो तेव्हा त्या सायकलशी बोलताना दिसायच्या. रस्ता सोडून माळ लागला, मुरूम चाकाखालून सटकू लागला. माझ्या पुढचे दोघे एकमेकांवर आदळले. मग ओढा आला. उन्हाने तापलेली, घोट्यापर्यंतची वाळू. मी उतरलो, सायकल खांद्यावर घेतली. दोघे केव्हाच पलीकडे गेले होते, माझ्या पुढचे बाकी सगळे उतरले होते. तेव्हा मागून सरसर आवाज आला. भामाक्का आल्या आणि आमच्या रांगेच्या कडेने, बोटांवर हँडल नुसतं टेकवून, वाळूतून निघून गेल्या. त्यांच्या डोक्यावरचा टॉवेल मागे उडाला होता.

मी अकरावा आलो. पहिला नरसय्या, दुसरा एक शिक्षक आणि तिसऱ्या भामाक्का. मी वेशीत पोचलो तेव्हा गाव गोळा झालं होतं आणि मधोमध बाज होती. बाजेच्या एका कोपऱ्याशी मारुती उभा होता, खांद्यावर दोरीचे वळ घेऊन. भामाक्का जमिनीवर बसून पाणी पीत होत्या. नामदेवरावांचे डोळे भरले होते, पण आवाज कडक ठेवून ते म्हणत होते, “लई वाकतीस. पाठ सरळ धरायची, सांगितलं हुतं का न्हाय?”

“धरती की आता,” भामाक्का म्हणाल्या.

तिसरं बक्षीस चनबसप्पांनी आधीच बांधून ठेवलेलं होतं, उत्तम प्रतीचा पँटपीस. बाई जिंकेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते पुडकं हातात घेऊन ते चुळबुळत राहिले. भामाक्कांनीच ते ओढून घेतलं. “द्या की. मालकांनी आजवर प्यांट घातली न्हाय. आता घालत्याल.” सगळं गाव हसलं. मारुतीही हसला, तोंड फिरवून.

मारुतीचं दूध दहा दिवस बंद राहिलं. त्याच्या म्हशींना शर्यतीचं काही पडलेलं नव्हतं, त्या दूध देतच राहिल्या आणि ते शहरात न्यायला दुसरं कुणी मिळेना. अकराव्या दिवशी कॅन पुन्हा भरला. वर्षभराने त्याच्या थोरल्या सुनेला सायकल शिकवायला भामाक्कांनाच सांगण्यात आलं.

पुढे माझी नांदेडला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर त्यांनी मला जेवायला बसवलं, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली. नव्या गावात कुणी ओळखीचं नाही, करमणार कसं, असं मी उगाच रडगाणं लावलं होतं. भामाक्कांनी ऐकून घेतलं.

“गेल्या गेल्या एकदा वाट चुका,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हंजी चुका. मुद्दाम. वाट चुकली की इचारावं लागतंय. इचारलं की मानसं कळत्यात. मी सोलापुरात पयला महिना रोज चुकत हुते. तीच सगळी गिऱ्हाईकं झाली.”

नांदेडला पहिल्या संध्याकाळी मी खाणावळ शोधायला निघालो. चुकायचं मुद्दाम करावं लागलं नाही. एका घराच्या ओट्यावर एक कॉलेजातली मुलगी अभ्यास करत बसली होती. तिला खाणावळीची वाट विचारली. तिने सांगितली. मी पुन्हा चुकून तिथेच आलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा तिच्या वडिलांनी मला घरात बोलावलं आणि पान वाढायला सांगितलं.

लग्नानंतर आम्ही दोघं कुंभारीला गेलो. नामदेवराव त्याआधीच्या हिवाळ्यात गेले होते. भामाक्का जरा वाळल्या होत्या, पण दूध अजून चालू होतं. त्यांनी माझ्या बायकोला शेजारी बसवून घेतलं, कुंकू लावलं आणि सगळी हकिकत तिच्याच तोंडून ऐकली. शेवटी माझ्याकडे वळून विचारलं, “मंग त्या खानावळीत पोचला का न्हाय?”

“नाही,” मी म्हणालो. “अजून नाही.”

“बरं झालं की,” भामाक्का म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.