मागच्या ब्रेकची हवा

हे मंजिरीलाही सांगितलेलं नाही. मंजिरी माझी बायको. तिच्यापासून मला साधी सिगारेटसुद्धा कधी लपवता आली नाही, पण हे लपवलं. मग आज तुम्हाला का सांगतोय? गेल्या आठवड्यात सेल्वम जे बोलला, ते ऐकून मी जो हादरलो, तो अजून सावरलेलो नाही.

आम्ही इकडे तमिळ मुलखात, अण्णा नगरला राहतो. आमच्या मराठी मंडळाची एक जुनी व्हॅन होती, म्हाताऱ्या सभासदांना दवाखान्यात न्यायला-आणायला. सेल्वम तिचा पगारी ड्रायव्हर, आणि देखभाल माझ्याकडे, फुकट. मी संरक्षण खात्याच्या कारखान्यात जन्म घालवलेला माणूस. दुसऱ्या कुणी बॉनेट उघडलेलं मला खपत नसे. मिजास म्हणा हवं तर. मिजासच होती.

काही वर्षांपूर्वी आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, सकाळी मी मागच्या ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढत होतो. पेडल मऊ लागतंय, अशी सेल्वमची तक्रार होती. त्या गाडीला अँटी-लॉक, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त मागच्या चाकांना, आणि त्याचा डबा वेगळा. चाकांपाशी ब्रेकची हवा काढली तरी डब्यातली निराळी काढावी लागते. ती राहिली तर एरवी काही कळत नाही, पेडल छान कडक लागतं. पण जीव खाऊन ब्रेक मारला, की अँटी-लॉक चालू होतं, ती हवा नळीत येते आणि पेडल तळाला जातं. हे मला ठाऊक होतं — चांगलं ठाऊक होतं.

चाकं झाली. डब्याला बारीक पाना लागणार होता, आणि तो मंजिरीनं पूजेत मांडून टाकला होता. हळदकुंकू लावलेला, फूल वाहिलेला. पूजेत गेलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही, हे इथंही आणि आपल्याकडेही. पण शेजाऱ्याकडून मागता आला नसता? सेल्वमला नुसतं म्हणता आलं नसतं — उद्या गाडी काढू नकोस? तो चाकांखाली लिंबं ठेवून उभा होता. मंडळाचे चारजण प्रसादाचे चुरमुरे खात माझ्याकडे बघत होते. काम अर्धं राहिलंय, हे त्यांच्यासमोर बोलायला माझी जीभ रेटेना.

“झालं,” म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिकामी गाडी घेऊन एका काकूंना आणायला निघाला. वाटेत एक बाई स्कूटर घेऊन एकदम आडवी आली. ती वाचली, कारण सेल्वमनं गाडी दुभाजकावर घातली. त्याच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. दवाखान्यात मला बघताच तो म्हणाला, “ब्रेक पिडिक्कले, सार.” ब्रेक लागला नाही. मंडळाचे लोक माझ्याकडे वळले. आणि मी — तो आवाज माझा होता यावर अजून विश्वास बसत नाही — मी म्हणालो, “ब्रेक मी स्वतः केलेत. ह्याचाच पाय घसरला असेल.”

बस, तेवढ्यावर निकाल लागला. गाडी भंगारात गेली, कुणी उघडूनसुद्धा पाहिली नाही. माझ्या कामावर कोण शंका घेणार? सेल्वमची नोकरी गेली. मी दवाखान्यात फळं घेऊन गेलो होतो. फळं!

आता तो आमच्या मागच्या रस्त्यावर एका इमारतीचा वॉचमन आहे. गेल्या आठवड्यात तिथला एक नवा भाडेकरू त्याला गुडघ्याचं विचारत होता. मी पाच पावलांवर होतो. सेल्वम हसून म्हणाला, “तप्पु एन् कालुदान.” चूक माझ्याच पायाची. मग माझ्याकडे हात करून त्यानं सांगितलं, ब्रेक या सारांनी केले होते, त्यात खोट कुठली असणार?

टोमणा असता तर बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. त्याला ते खरंच वाटतं. स्वतःच्या मुलीला तो स्कूटर शिकू देत नाही, हेही त्यानं त्या भाडेकरूला सांगितलं — बापासारखा तिचाही पाय ऐन वेळी घसरला तर?

सेल्वमचा पाय घसरला नव्हता. तो पेडलवरच होता. त्यानं ब्रेक वेळेवर मारला होता, पूर्ण दाबून मारला होता. डब्यात हवा होती, आणि ती मी ठेवली होती.